घोड्यांच्या शर्यतीचा गेम आणि बिशपचा इंजिनिअर मुलगा : सर जॉर्ज ज्युलियस यांची गोष्ट

१९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटर नवीन होते. सिंक्लेअरचा झेडएक्स ८१ आला १९८१ साली आणि त्याची मूळ मेमरी होती फक्त १ केबी. आज आपण व्हॉट्सअॅपवर पाठवतो त्या एका फोटोच्याही शंभरावा भाग नाही! पुढच्याच वर्षी स्पेक्ट्रम आला, त्यात १६ किंवा ४८ केबी मिळायचे. एवढ्याशा जागेत बसणारे गेम लिहिताना प्रोग्रामर मंडळींना एक विषय फार सोयीचा वाटायचा, तो म्हणजे घोड्यांची शर्यत. १९८३ साली सीआरएल या कंपनीने स्पेक्ट्रमसाठी काढलेला डर्बी डे हा असाच एक गेम. याशिवाय मासिकांत छापून येणारे, स्वतः टाईप करून घ्यायचे बेसिक भाषेतले शर्यतीचे प्रोग्रॅम वेगळेच.

या गेमचं डोकं अगदी साधं असतं. प्रत्येक घोड्यासाठी एक आकडा ठेवायचा. दर फेरीला कॉम्प्युटरने एक रँडम आकडा काढायचा आणि त्या घोड्याच्या आकड्यात मिळवायचा. ज्याचा आकडा आधी शेवटच्या रेषेला पोचला, तो जिंकला. दोन-चार मित्र एकाच कीबोर्डभोवती बसायचे आणि आळीपाळीने आपापला खोटा पैसा घोड्यावर लावायचे. कॉम्प्युटर विचारणार, किती लावता? तुम्ही आकडा टाकायचा, एंटर दाबायचं, मग पुढच्याची पाळी.

आता इथे जरा थांबा. या गेममध्ये एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही : पैसे लावणारे लोक एका वेळी एकच असतात. पाळी असते. खऱ्या रेसकोर्सवर पाळी नसते. तिथे शंभर खिडक्यांवर शंभर लोक एकाच क्षणी पैसे पुढे सरकवतात, त्यातले वीस जण एकाच घोड्यावर. ही सगळी बेरीज एकही तिकीट न चुकवता, शर्यत सुरू व्हायच्या आत कशी करायची?

हा प्रश्न ज्या माणसाने सोडवला, त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पहिल्या यंत्राला तर वीजसुद्धा नव्हती. साल होतं १९१३. त्या इंजिनिअरचं नाव जॉर्ज ज्युलियस. आज त्यांचीच गोष्ट पाहूया.

घड्याळं उघडणाऱ्या बिशपचं घर

जॉर्ज आल्फ्रेड ज्युलियस यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात झाला. वडील चर्चिल ज्युलियस हे अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. पण धर्मगुरूंच्या घरात साधारणपणे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, त्याहून हे घर वेगळं होतं. चर्चिल यांना यंत्रांचा, विशेषतः घड्याळांचा भारी नाद. चाकं, स्प्रिंगा, दातेरी चक्रं यांच्यात त्यांचा मोकळा वेळ जायचा आणि मुलगा शेजारी बसून बघायचा.

घड्याळाच्या आत एक छोटा भाग असतो, त्याला एस्केपमेंट म्हणतात. गुंडाळलेली स्प्रिंग किंवा लटकवलेलं वजन सगळा जोर एकदम सोडून देऊ पाहतं. एस्केपमेंट त्याला अडवते आणि एका वेळी एकच दाता पुढे जाऊ देते. टिक, टिक, टिक असा आवाज येतो तो तिचाच. हा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८८४ साली हे कुटुंब ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला गेलं आणि १८९० साली न्यूझीलंडला, कारण चर्चिल यांची क्राइस्टचर्चचे बिशप म्हणून नेमणूक झाली. पुढे १९२२ साली ते न्यूझीलंडचे पहिले आर्चबिशप झाले. जॉर्जने क्राइस्टचर्चच्याच कँटरबरी कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि १८९६ साली पदवी घेतली. अणूचं केंद्र शोधणारे अर्नेस्ट रदरफर्ड त्याच काळात याच छोट्या कॉलेजात शिकत होते.

रेल्वे, लाकूड आणि सासरे

पदवी हातात पडताच जॉर्ज यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रेल्वेत नोकरी धरली. सोन्याच्या खाणींमुळे तो भाग तेव्हा झपाट्याने वाढत होता. रेल्वेला पूल, डबे आणि स्लीपरसाठी लाकूड लागायचं, पण तिथल्या स्थानिक झाडांचं लाकूड नेमकं किती भार सहन करतं याची माहिती कुठे नीट नोंदलेली नव्हती. ज्युलियस यांनी बसून चाचण्या घेतल्या. वाकवून, दाबून, तोडून प्रत्येक जातीचे आकडे काढले आणि १९०६ साली ते प्रसिद्ध केले. कंटाळवाणं काम वाटतं ना? पण आधी मोजा, मग बोला ही त्यांची सवय इथेच दिसते.

१८९८ साली त्यांचं लग्न झालं ईव्हा ओकॉनर यांच्याशी. ईव्हाचे वडील सी. वाय. ओकॉनर हे पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मुख्य इंजिनिअर. फ्रीमँटलचं बंदर त्यांनी बांधलं. त्यानंतर पर्थजवळच्या धरणातून ५०० किलोमीटरहून जास्त लांब पाईपलाईन टाकून वाळवंटातल्या सोन्याच्या खाणींपर्यंत पाणी न्यायचं काम त्यांनी हाती घेतलं. हे होणारच नाही, पैसे बुडाले, भ्रष्टाचार झाला, असे आरोप वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून रोज होत राहिले. मार्च १९०२ मध्ये ओकॉनर यांनी आत्महत्या केली. पाईपलाईन त्यानंतर वर्षाच्या आत पूर्ण झाली. जानेवारी १९०३ मध्ये पाणी ठरल्याप्रमाणे खाणींपर्यंत पोचलं आणि ती लाईन आजही वापरात आहे.

जॉर्ज ज्युलियस तेव्हा २८ वर्षांचे होते. लोकांचा विश्वास उडाला की बरोबर असलेला हिशोबसुद्धा माणसाला वाचवत नाही, हे त्यांच्या घरातच घडलं होतं. त्यांच्या पुढच्या यंत्रातला कळीचा मुद्दाही विश्वासाचाच होता, म्हणून ही हकीकत इथे सांगितली.

आधी बनवलं मतदानाचं यंत्र

१९०७ साली ज्युलियस सिडनीला आले. तिथे त्यांनी सल्लागार इंजिनिअर म्हणून काम सुरू केलं आणि त्यांची भागीदारीतली फर्म पुढे ज्युलियस, पूल अँड गिब्सन या नावाने ओळखली जाऊ लागली.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका मित्राने त्यांच्या डोक्यात एक कल्पना घातली होती : निवडणुकीत मतं मोजणारं यंत्र का असू नये? मतदार येईल, यंत्रावर मत देईल आणि संध्याकाळी माणसाचा हात न लागता निकाल तयार असेल. ज्युलियस यांनी फावल्या वेळात घरच्या वर्कशॉपमध्ये त्यावर काम केलं, यंत्र तयार केलं आणि सरकारला दाखवलं. सरकारने ते नाकारलं.

आपल्याकडे केरळमधल्या परूर मतदारसंघात मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९८२ साली, म्हणजे योगायोगाने स्पेक्ट्रम बाजारात आला त्याच वर्षी. ज्युलियस यांची कल्पना त्याच्या सत्तर वर्षं आधीची! आपल्या ईव्हीएममध्ये प्रत्येक बूथचं यंत्र आपापली मोजणी वेगळी ठेवतं आणि बेरीज मतमोजणीच्या दिवशी होते, त्यामुळे एकाच क्षणी दोन बूथवरून आलेली मतं एकमेकांना भिडत नाहीत. रेसकोर्सला मात्र दोन दिवस थांबायची सोय नसते.

मतदानाचं यंत्र पडून राहिलं. मग एका मित्राने सुचवलं की रेसकोर्सवर असलंच काहीतरी हवं आहे, तिथे मोजणीचा नुसता घोळ चालतो. गंमत म्हणजे तोपर्यंत ज्युलियस यांनी रेसकोर्स पाहिलंही नव्हतं. त्यांना जुगारात रस नव्हता. पण प्रश्न ऐकल्यावर तो किती अवघड आहे हे इंजिनिअरच्या डोक्याला लगेच कळलं.

टोट म्हणजे नेमकं काय?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची थोडी जरी माहिती असेल तर टोट हा शब्द तुम्ही ऐकला असेल. टोटलायझेटरचं हे छोटं रूप. बुकी आणि टोट यात फरक आहे. बुकी स्वतः भाव ठरवतो आणि स्वतःच्या खिशातून पैसे देतो. टोटमध्ये भाव कोणीच ठरवत नाही, तो गर्दीतून तयार होतो. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर या गृहस्थांनी १८६७ साली सुरू केली. पुढे मुलाँ रूज हे प्रसिद्ध नाट्यगृह सुरू करणारेही हेच.

एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. तीन घोडे आहेत, बिजली, तुफान आणि राणी. तिकीट १० रुपयांचं. लोकांनी बिजलीवर ५०० रुपये लावले, तुफानवर ३०० आणि राणीवर २००. एकूण जमा १००० रुपये. समजा क्लब आणि कर मिळून १० टक्के कापले, तर उरले ९०० रुपये. हे ९०० जिंकणाऱ्यांत वाटायचे.

- बिजली जिंकली तर ९०० भागिले ५००, म्हणजे १० रुपयांच्या तिकिटाला १८ रुपये.
- तुफान जिंकला तर १० रुपयांना ३० रुपये.
- राणी जिंकली तर १० रुपयांना ४५ रुपये.

आता शेवटच्या मिनिटाला कोणीतरी राणीवर आणखी १०० रुपये लावले. एकूण झाले ११००, वाटायला ९९०. राणीचा भाव ४५ वरून ३३ वर आला आणि बिजलीचा १८ वरून १९ रुपये ८० पैशांवर गेला. म्हणजे एका घोड्यावर लावलेल्या पैशाने सगळ्याच घोड्यांचे भाव बदलतात. म्हणून प्रत्येक घोड्याची बेरीज आणि एकूण बेरीज सतत अचूक हवी आणि ती लोकांना दिसायलाही हवी.

घरगुती कॉम्प्युटरवरच्या साध्या गेममध्ये हे सगळं टाळलेलं असतं. तिथे घोड्याचा भाव प्रोग्रॅम आधीच ठरवून मोकळा होतो. म्हणजे कॉम्प्युटर तिथे बुकी असतो, टोट नसतो.

हाताने मोजणीतला घोळ

न्यूझीलंडमध्ये १८८० पासून टोट चालू होतं आणि १९१०च्या कायद्याने बुकींवर बंदी आल्यावर तर तेच राहिलं. पण मोजणी हाताने व्हायची. खिडकीवरचा कारकून तिकीट देणार, मागे कोणीतरी आकडा पुढे ढकलणार, तिसरा बेरीज करणार. घाईत आकडे सुटायचे. शर्यत सुरू झाल्यावरही तिकीट विकलं गेलं अशा तक्रारी व्हायच्या. एका तिकिटाची जरी नोंद चुकली तरी वाटप चुकतं आणि ते कोणाच्या तरी खिशातून जातं. मग हरलेला माणूस म्हणणार, तुम्ही लबाडी केली. खरं असो वा खोटं, सिद्ध करायला हातात काही नाही.

एकाच क्षणी दोन तिकिटं

ज्युलियस यांना मुख्य अडचण कुठे दिसली? दोन खिडक्यांवरच्या कारकुनांनी एकाच घोड्याचं तिकीट अगदी एकाच क्षणी दिलं तर काय?

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच प्रश्न रोज छळतो. समजा राणीच्या तिकिटांचा आकडा आहे ५७. पहिली खिडकी आकडा वाचते, ५७. त्याच क्षणी दुसरी खिडकीही वाचते, ५७. पहिली एक मिळवून ५८ लिहिते. दुसरीही एक मिळवून ५८ लिहिते. तिकिटं विकली गेली दोन, पण आकडा वाढला एकानेच. एक तिकीट गायब! प्रोग्रामर या चुकीला काय म्हणतात माहितीये? रेस कंडिशन. म्हणजे दोन कामांची आपसातली शर्यत. रेल्वेचं तत्काळ तिकीट असो, बँकेतला शिल्लक आकडा असो की सेलमधला शेवटचा मोबाईल, सगळीकडे या चुकीपासून वाचण्यासाठी खास व्यवस्था करावी लागते.

ज्युलियस यांनी ती व्यवस्था दातेरी चाकांनी केली.

ट्रक किंवा कारच्या मागच्या आसाच्या मध्यभागी जो गोल फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शिअल असतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. डिफरन्शिअलमधलं मोठं चाक या दोघांच्या फिरण्याची सरासरी धरून चालतं. सरासरी म्हणजेच बेरजेचा अर्धा भाग. म्हणजे दोन दांडे फिरवा आणि तिसऱ्या दांड्यावर त्यांची बेरीज आपोआप मिळते. दोन्ही एकदम फिरले तरी, एकामागून एक फिरले तरी, किंवा एक फिरत असताना मध्येच दुसरा फिरला तरी उत्तर बरोबरच येतं. इथे कोणी आकडा वाचून परत लिहीत नाही, त्यामुळे हरवायला काही जागाच उरत नाही.

ज्युलियस यांनी याच तत्त्वावरची गिअरची जुळणी वापरली. दोन खिडक्यांची बेरीज एका दांड्यावर, अशा दोन दांड्यांची बेरीज पुढच्या दांड्यावर, असं करत करत झाडाच्या फांद्या खोडाला मिळाव्यात तशा सगळ्या खिडक्या एका घोड्याच्या आकड्याला येऊन मिळाल्या. सगळे घोडे मिळून एकूण बेरजेला.

आणि प्रत्येक तिकिटाला नेमका एकच दाता पुढे सरकावा म्हणून काय वापरलं? घड्याळातली एस्केपमेंट. वडिलांच्या घड्याळांमध्ये पाहिलेला तोच भाग.

आणखी एक अडचण होती. बाहेर लोकांना दिसणारे आकडे मोठे आणि त्यांची चाकं जड. जड चाक झटक्यात हलत नाही आणि हललं की झटक्यात थांबत नाही. खिडकीवर मात्र तिकिटं झटक्यातच निघतात. म्हणून आलेली मोजणी मध्ये थोडा वेळ साठवून ठेवायची आणि जड चाकांना झेपेल तशी पुढे सोडायची, अशी योजना त्यांनी केली. आज यूट्यूब व्हिडिओ बघताना बफरिंग हा शब्द आपण ऐकतो ना, कल्पना तीच.

एलर्सली, १९१३

पहिलं यंत्र बसलं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर. १९१३च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या शर्यतींना ते सुरू झालं. त्याला ३० खिडक्या होत्या. एक अख्खी इमारत तारा, कप्प्या, साखळ्या आणि लोखंडी चाकांनी गच्च भरलेली. कारकुनाने दांडा ओढला की तार ओढली जायची, एस्केपमेंट एक दाता सोडायची आणि इमारतीच्या तोंडावरचा आकडा पुढे जायचा. सगळ्याला जोर मिळायचा तो उंच चढवून ठेवलेल्या जड वजनांचा, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखा. वीज नाही, मोटर नाही.

समोर उभ्या असलेल्या हजारो लोकांना पहिल्यांदाच दिसत होतं की आपला पैसा मोजला जातोय. यंत्राला कोण जिंकावं याच्याशी देणंघेणं नव्हतं. लोकांची खात्री पटली ती यामुळेच.

पुढच्या यंत्रांमध्ये वीज आली. खिडकीवर तिकीट छापणारं यंत्र आलं आणि तिकीट छापणं व मोजणी एकमेकांना बांधली गेली. शर्यत सुटली की नियंत्रण कक्षातून सगळ्या खिडक्या एकदम कुलूपबंद करता यायच्या, म्हणजे उशिराच्या तिकिटाचा वादही संपला. नंतर अनेक खिडक्यांना एकच मोजणी यंत्र पुरावं म्हणून एक फिरता भाग आला, जो एकामागून एक प्रत्येक खिडकीला क्षणभर संधी देत फिरायचा. एकच तार अनेकांनी वेळ वाटून वापरायची ही युक्ती पुढे टेलिफोनच्या दुनियेत सर्रास झाली.

जगभर पसरलेलं यंत्र

१९१६ साली न्यू साउथ वेल्स राज्याने टोटला कायद्याने परवानगी दिली. १९१७ साली ज्युलियस यांनी ऑटोमॅटिक टोटलायझेटर्स लिमिटेड ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी सिडनीच्या प्रसिद्ध रँडविक रेसकोर्सवर यंत्र बसलं. १९२८ साली पॅरिसचं लोंगशाँ, अडीचशेहून जास्त खिडक्यांसह. म्हणजे टोट जिथे जन्मलं, त्याच शहरात ऑस्ट्रेलियातून यंत्र गेलं. १९३० साली लंडनमधलं हॅरिंगे, जिथे कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या. १९३२ साली अमेरिकेत फ्लोरिडामधलं हायलिया. १९७० पर्यंत या कंपनीची यंत्रं २९ देशांत पोचली होती.

आता हॅरिंगेच्या यंत्राची एक गोष्ट ऐका. १९३० साली बसवलेलं ते यंत्र १९८७ साली स्टेडियम बंद होईपर्यंत चालू होतं. म्हणजे लंडनमधल्या घराघरांत मुलं स्पेक्ट्रमवर शर्यतीचे गेम खेळत होती, तेव्हा त्याच शहरात ज्युलियस यांची चाकं खऱ्या पैशांची मोजणी करत होती. सत्तावन्न वर्षं! आपला मोबाईल पाच वर्षं टिकला तरी आपण कौतुक करतो. हॅरिंगेच्या यंत्राचे भाग आता लंडनच्या सायन्स म्युझियमने जपून ठेवले आहेत.

मग ज्युलियस यांचं यंत्र म्हणजे कॉम्प्युटर होता का? आजच्या अर्थाने नाही. त्याला वेगळा प्रोग्रॅम देऊन वेगळं काम करवून घेता येत नव्हतं. ते एकच काम करायचं. पण अनेक लोक एकाच वेळी वापरतात, उत्तर लगेच मिळतं आणि चूक चालत नाही, या तीन अटी एकत्र पाळणारी यंत्रणा त्या काळी दुर्मीळच होती. या बाबतीत १९१३ची ती इमारत तुमच्या यूपीआयची लांबची आजी शोभते.

दुसरं आयुष्य : देशाच्या विज्ञानाचा कारभारी

ज्युलियस एवढ्यावर थांबले असते तर श्रीमंत उद्योजक म्हणून त्यांचं नाव राहिलं असतं. पण १९२५ साली ते ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९२६ साली सरकारने त्यांना सीएसआयआर या नव्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं अध्यक्षपद दिलं. ज्या देशाच्या सरकारने मतदानाचं यंत्र घेतलं नव्हतं, त्याच देशाने आता अख्ख्या विज्ञानाची जबाबदारी सोपवली. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड रिव्हेट आणि शेतीतज्ज्ञ रिचर्डसन यांच्यासोबत त्यांनी ही संस्था उभी केली. सुरुवातीचा भर शेती आणि पशुपालनाच्या प्रश्नांवर होता. १९२९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

१९३०च्या दशकात जगभर मंदी आली, पैसा आटला, तरी संस्था टिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, रडारच्या कामासाठी रेडिओफिजिक्स प्रयोगशाळा सुरू झाली. १९४५ साली, जवळपास १९ वर्षांनी, ज्युलियस यांनी अध्यक्षपद सोडलं आणि जून १९४६ मध्ये सिडनीत त्यांचं निधन झालं.

पुढचं त्यांनी पाहिलं नाही. त्याच रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेत ट्रेव्हर पिअर्सी आणि मॅस्टन बिअर्ड यांनी एक इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बांधला. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. हा ऑस्ट्रेलियाचा पहिला डिजिटल कॉम्प्युटर, पुढे सीएसआयआरॅक म्हणून ओळखला गेलेला. कॉम्प्युटरवर सार्वजनिकरीत्या संगीत वाजवण्याचे सुरुवातीचे प्रयोग याच यंत्रावर झाले आणि ते आजही मेलबर्नच्या संग्रहालयात शाबूत आहे. संस्थेचं नाव पुढे सीएसआयआरओ झालं. तुमच्या वायफायमागच्या तंत्रज्ञानात या संस्थेच्या १९९०च्या दशकातल्या संशोधनाचाही वाटा आहे.

मग यातून घ्यायचं काय?

ज्युलियस यांच्या आयुष्यात एक अडचणीचा धागा आहे, तो झाकून चालणार नाही. ज्या बुद्धीने लोकशाहीसाठी मोजणी यंत्र बनवलं, तिची किंमत बाजारात झाली ती जुगाराच्या मैदानावर. त्यांच्या यंत्राने मोजणी प्रामाणिक झाली, पण खेळ सोपा झाला म्हणजे खेळणाऱ्यांचे पैसे वाचले असं नाही. वरच्या उदाहरणात १००० मधले १०० आधीच कापले गेले होते, आठवतंय ना? यंत्र कितीही अचूक असलं तरी ते १०० रुपये खेळणाऱ्यांकडे परत येत नाहीत. सगळे खेळणारे मिळून दर शर्यतीला तेवढे हरतातच. आज मोबाईलवर पैसे लावायला लावणारे अॅप हातात घेताना हे गणित जरूर आठवा.

दुसरीकडे, मोजणी चोख असणं ही छोटी गोष्ट नाही. मत असो, पगार असो, रेशन असो की बँकेची शिल्लक, माणसाचा पहिला हक्क हा की त्याचा आकडा हरवू नये.

कधी एखाद्या एम्युलेटरवर जुना शर्यतीचा गेम सापडला तर खेळून बघा. खोट्या पैशांनीच, अर्थात. आणि गेमने तुमच्या मित्राला पाळीसाठी थांबवलं की आठवा, खऱ्या मैदानावर कोणालाही थांबवावं लागू नये म्हणून १९१३ साली एका बिशपच्या मुलाने घड्याळाच्या चाकांची अख्खी इमारत उभी केली होती.